आठ लहान तबकड्या

सन १९७९ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंत 'सिंगल्स गोइंग स्टेडी' या नांवाची एक मोठी तबकडी विक्रीस आली. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या वाद्यवृंदानें मागील दोन वर्षांत इंग्लंडांत काढलेल्या आठ लहान तबकड्या एकत्र करून अमेरिकन श्रोत्यांस त्या वृंदाची ओळख करून द्यावी, एवढाच तिचा माफक हेतु होता. अशा संग्रहांचें आयुष्य बहुधा एका मोसमापुरतें असतें. परंतु हा संग्रह आजहि आवडीनें ऐकला जातो. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या २०२० सालच्या पांचशें श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादींतहि त्याला स्थान मिळालें. व्यापारी सोयीसाठीं जन्मलेल्या वस्तूला एवढें दीर्घायुष्य कसें लाभलें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या कथेचा आरंभ १९७६ मध्यें होतो. बोल्टन येथील तंत्रविद्यालयांत शिकणारे पीट शेली व हॉवर्ड डिव्होटो हे दोघे तरुण लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या वृंदाचे जलसे पाहून भारावून गेले. ज्याला संगीताचें शिक्षण नाहीं, ज्याच्यापाशीं भांडवल नाहीं, त्यानेंहि रंगमंचावर उभें राहावें, हा पंक संगीताचा रोकडा संदेश त्यांना तेथें मिळाला. त्यांनीं ४ जून रोजीं मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्यें पिस्टल्सचा जलसा घडवून आणला. २० जुलैच्या दुसऱ्या जलशांत त्यांचा स्वतःचा वृंदहि वाजविण्यास उभा राहिला. पुढें सुमारें ५०० पौंड उसने घेऊन त्यांनीं चार गाणीं मुद्रित केलीं व जानेवारी १९७७ मध्यें तीं स्वतःच्याच नांवछापेखालीं प्रसिद्ध केलीं. पहिल्या खेपेस अवघ्या १,००० प्रती निघाल्या. परंतु राजधानींतील बड्या कंपन्यांचे उंबरठे न झिजवितां प्रांतांतल्या तरुणांना आपला आवाज जगापुढें ठेवतां येतो, हें त्या लहानशा तबकडीनें सिद्ध केलें.

त्यानंतर लवकरच डिव्होटो बाहेर पडला आणि गाण्याची धुरा शेलीकडे आली. ऑगस्ट १९७७ मध्यें 'युनायटेड आर्टिस्ट्स' कंपनीशीं करार झाला. करारानंतरची पहिलीच तबकडी शारीर वासनेविषयीं इतकी स्पष्ट बोलणारी होती कीं, बीबीसीनें ती वाजविण्यास नकार दिला. पण शेलीचें खरें सामर्थ्य अशा खळबळींत नव्हतें. पंक संगीताचा रस रौद्र. त्याचा रोख राजसत्तेवर व समाजावर. शेलीनें त्याच वेगवान, कर्कश गतींत विप्रलंभ शृंगार आणून बसविला. 'एव्हर फॉलन इन लव्ह' हें त्याचें सर्वांत गाजलेलें गीत एडिंबरोच्या मुक्कामांत 'गाइज अँड डॉल्स' हा चित्रपट पाहतांना कानीं पडलेल्या एका वाक्यावरून सुचलें. १९७८ सालीं तें ब्रिटिश विक्रीच्या यादींत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलें.

या गीतांत एक गोष्ट मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रेमपात्र स्त्री कीं पुरुष, याचा उलगडा शेली सहसा करीत नाहीं. 'मी' आणि 'तूं' एवढींच दोन माणसें तेथें असतात. स्त्री व पुरुष दोहोंविषयींचें आपलें आकर्षण त्यानें लपविलें नव्हतें. ज्या इंग्लंडांत १९६७ पर्यंत पुरुषांमधील असा संबंध कायद्यानें गुन्हा होता, तेथें ही भाषा केवळ शब्दांची सोय नव्हती. ज्यांच्या दुःखाला गाण्यांत जागाच नव्हती, त्यांच्यासाठीं तिनें दार उघडें ठेवलें. आणि इतरांनाहि त्याच दारांतून आंत घेतलें.

संग्रहाची रचनाहि मोठी साधी आहे. पहिल्या बाजूस आठ तबकड्यांच्या दर्शनी बाजूंवरील गाणीं कालक्रमानें, आणि दुसऱ्या बाजूस त्यांच्याच मागील बाजूंवरील आठ, त्याच क्रमानें. एकंदर सोळांपैकीं बारा गाणीं वृंदाच्या मोठ्या तबकड्यांच्या मूळ इंग्लिश आवृत्त्यांत नव्हतीं. म्हणजे हा वेंचा नसून एक स्वतंत्र ग्रंथच होता, फक्त तो सुट्या पानांनीं लिहिला गेला होता. दर्शनी गीतें बहुतेक तीन मिनिटांच्या आंतलीं. 'लव्ह यू मोअर' तर दोन मिनिटेंहि टिकत नाहीं. आपल्याकडील रसिक ज्यास अल्पाक्षररमणीय म्हणतात, तो गुण येथें पुरेपूर आहे. मागील बाजू मात्र अधिक स्वैर आहे. तेथें सहा मिनिटांहून लांब, संथ गीतहि आढळतें. शेवटच्या तबकडीचें दर्शनी गीत स्टीव्ह डिगल यानें रचलें व गाइलें, तर मार्टिन रशेंटच्या निर्मितीनें प्रत्येक वाद्याचा नाद स्वच्छ राखला.

इंग्लंडांत हा संग्रह नोव्हेंबर १९८१ मध्यें निघाला. त्याच वर्षीं वृंद मोडला होता. परक्यांसाठीं केलेली ओळख स्वकीयांच्या हातीं स्मारक होऊन पडली. १९८९ मध्यें वृंद पुन्हां जमला, आणि ६ डिसेंबर २०१८ रोजीं एस्टोनियांतील टॅलिन येथें शेलीचें निधन झालें. पंकचा क्रोध ज्या सत्तेवर होता ती सत्ता बदलली, त्या काळचे वादहि जुने झाले. पण नको त्या माणसावर जीव जडणें हें कोणत्याहि काळीं जुनें होत नाहीं. हीं गाणीं टिकलीं तीं म्हणूनच. आणि तें दुःख तीं दोन-तीन मिनिटांत, रडगाणें न करतां सांगून मोकळीं होतात म्हणून.