आभासी यंत्रांचे मेमरीवाटप

एकाच संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसरा संगणक चालवताना त्याला रॅमचा किती हिस्सा द्यायचा, याचा निर्णय. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली मोठ्या संगणकांसाठी आणली. वैयक्तिक संगणकावर आभासी यंत्रांचे तंत्र व्हीएमवेअर वर्कस्टेशन (१९९९) व व्हर्च्युअलबॉक्स (२००७) यांमुळे रुळले.

वाटपाचे एक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याने ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून आत लिनक्स चालवायचे ठरवले, तर पाहुण्या (आत चालणाऱ्या) लिनक्सला ३ जीबी देणे शहाणपणाचे. यजमान (मूळ) विंडोजकडे किमान ४ जीबी राहायलाच हवेत. हा हिशेब चुकला की यजमान प्रणाली मेमरीतील पाने (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर हलवू लागते. डिस्क रॅमपेक्षा फार मंद असल्याने दोन्ही प्रणाली रखडतात, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तर असह्य रखडतात. म्हणून पाहुण्याला हात सैल सोडून मेमरी देणे ही सर्वांत महागडी चूक होय. फक्त कमांड लाइनचे लिनक्स १ जीबीतही नीट चालते. साधनांची चणचण असलेल्या विद्यार्थ्यांनी तेच आधी निवडावे.

वाटप स्थिर असते किंवा बदलते. बदलत्या वाटपात, ‘बलूनिंग’ तंत्राने, पाहुण्या प्रणालीतील एक ड्रायव्हर तिची पाने अडवून धरतो आणि ती यजमानाला परत मिळतात. हायपर-व्ही या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या वाटपासाठी ‘डायनॅमिक मेमरी’ ही सोय आहे.