ढोल आणि वाट

इंदुराहून खांडव्याकडे जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरांवर सिमरोल हे गाव लागते. येथून पुढे माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाटातून नर्मदेकडे, निमाडात उतरतो. अलीकडे आय. आय. टी.च्या आवारामुळे हे गाव सर्वांस ठाऊक झाले आहे. परंतु पिके निघाल्यावर याच बाजूच्या मोकळ्या शेतांत मारवाडातून आलेल्या रेबारी मेंढपाळांचे तळ पडतात, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. असा एक तळ आम्ही पाहिला. उंटांवरून उतरविलेल्या बाजा, चूल, कोकरे आणि वर उघडे आकाश, एवढाच तो संसार. रात्री मेंढ्या शेतात बसवावयाच्या आणि जमिनीस मिळालेल्या खताबद्दल शेतकऱ्याने धान्य अथवा रोकड द्यावयाची, असा हा व्यवहार आहे. अनेक कुटुंबांचे कळप मिळून एक 'डांग' होते. कोणत्या वाटेने जावे, कोणाच्या शेतात उतरावे, हे तिचा पटेल ठरवितो. पार्वतीने मातीचा उंट घडविला, शंकराने त्यात प्राण घातला आणि त्याच्या राखणीसाठी पहिला रेबारी निर्माण केला, अशी या समाजाची उत्पत्तिकथा आहे.

मराठी वाचकांस हा व्यवहार नवा नव्हे. फलटण-खटावाकडील धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भातखाचरांत मेंढ्या बसवितात आणि पावसाळ्यापूर्वी देशावर परततात. सिमरोल ज्या होळकरांच्या राज्यात होते, त्या घराण्याचे संस्थापक मल्हारराव (१६९३-१७६६) हेही नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर कुळातले. त्यांनी आपले दैवत माळव्यात आणले. इंदूरच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देवालय आहे, ते त्याचीच साक्ष होय.

आमच्या देवळांवर मेंढपाळांचे ऋण किती आहे, हे दोन अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गुंथर सोंथायमर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या देवांचा उगम कळपांबरोबर फिरणाऱ्या समाजांत शोधला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात प्रत्यक्ष पंढरीनाथाचा संबंध धनगरांच्या विठ्ठल-बीरप्पाशी जोडला. खंडोबाची बाणाई धनगराचीच लेक. म्हणजे देव प्रथम तळावर होता, मागाहून तो गाभाऱ्यात आला.

जनावरांमागून चालणाऱ्या समाजाचा इतिहास कसा टिकतो आणि कसा बुडतो, हे समजण्यास युरोपच्या उत्तर टोकावरील सामी लोकांचे उदाहरण उपयोगी पडेल. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प या चार देशांत त्यांची भूमी विभागली आहे. पूर्वी त्यांस 'लॅप' म्हणत. ते नाव ते अपमानास्पद मानतात. त्यांच्यातील काही कुटुंबे रेनडियर नावाच्या हरणांचे कळप पाळतात. हिवाळ्यात अंतर्भागातील अरण्यांत बर्फ उकरून दगडफूल खावयाचे आणि उन्हाळ्यात डोंगरांकडे वा समुद्रकाठी जावयाचे, हा त्या जनावरांचा क्रम आहे. कळप कोणाचा हे कानावरच्या सुरीच्या खुणेवरून ओळखतात. कळप व कुरणे एकत्र सांभाळणाऱ्या कुटुंबसमूहास 'सिईदा' म्हणतात. आमच्या धनगरांचा वाडा आणि रेबाऱ्यांची डांग यांचेच हे भावंड होय.

सामींचा पुरोहित चित्रांकित ढोल वाजवून देवतांशी संवाद साधी. सतराव्या-अठराव्या शतकांत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी व सरकारी अधिकाऱ्यांनी हे ढोल हिसकावले, पुष्कळसे जाळले. अँडर्स पॉल्सन या वृद्ध सामीचा ढोल १६९१ साली जप्त झाला. त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला आणि निकालापूर्वीच त्याचा खून झाला. तो ढोल डेन्मार्कच्या संग्रहात गेला आणि २०२२ साली नॉर्वेतील काराशोक येथील सामी संग्रहालयाच्या मालकीचा झाला. तीन शतकांहून अधिक काळ तो मुका होता. आमच्याकडे मात्र पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत धनगरी ढोल आजही घुमतो. आमच्या देवस्थानांनी मेंढपाळाचा ढोल राखला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु वाटेच्या बाबतीत चित्र उलटे आहे. १७५१ साली, म्हणजे मल्हाररावांच्या हयातीतच, डेन्मार्क-नॉर्वे व स्वीडन या दोन राज्यांनी आपली सीमा आखली आणि तहास एक पुरवणी जोडली. कळपांसह सीमा ओलांडण्याचा सामींचा हक्क तीत मान्य केला होता. पुढे त्यास तडे गेले. १८५२ साली नॉर्वे-फिनलंड सीमा बंद होऊन अनेक कळपांची हिवाळी कुराणे तुटली. तथापि लेख व परंपरा यांचा आधार घेऊन सामी न्यायालयात उभे राहू शकले. २०२० साली स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने यिर्यास येथील सामींचा शिकार व मासेमारीच्या परवान्यांवरील अधिकार अनादि वहिवाटीच्या आधारे मान्य केला. २०२१ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने अवैध ठरविले.

आमच्या मेंढपाळाची वाट बहुतांशी शब्दावर चालली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानांतील चराई सरकारच्या मर्जीवर गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईस मान्यता दिली खरी, परंतु जे अनुसूचित जमातींत गणले जात नाहीत त्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे वास्तव्यच चालण्यात आहे, त्याने तो कोठून आणावा? सत्तरी-सांग्याच्या रानांतील गवळी-धनगरांपासून माण-खटावापर्यंत हाच प्रश्न आहे.

येथे देवस्थानांस करण्याजोगे काम आहे. वनहक्काच्या नियमांत पवित्र स्थाने आणि वृद्धांचे निवेदन हा पुरावा धरला जातो. कोणत्या वाड्याचा ढोल कोणत्या तिथीस येतो, कोणाचा मान पहिला, मेंढ्या कोणत्या माळावर बसतात, कोणत्या विहिरीचे पाणी पितात, हे आमच्या गुरवांस व मानकऱ्यांस तोंडपाठ असते. ते वहीत उतरवून घ्यावे, तारखांसह, वृद्धांच्या सह्यांनिशी. ज्याने आम्हांस देव दिला, त्याची वाट लिहून ठेवणे हे देवळाच्याच कुळाचाराचे अंग आम्ही समजतो. हे काम पुढील यात्रेपासून आरंभता येईल.