टेटबरीची शवपेटी आणि स्टावरब्रिजचे चाक

आपल्यापैकी जी मंडळी स्टावरब्रिजला गेली असतील त्यांनी जंक्शनवर उभी असलेली ती एका डब्याची गाडी पाहिली असेलच. मुले तिला खेळण्यातली गाडी म्हणतात. जंक्शन ते टाउन हे अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर आणि प्रवास तीन मिनिटांचा. सँडविचचा कागद सोडवेपर्यंत गाडी पोहोचते! पण अशा चिमुकल्या शाखा टिकवायच्या कशा, या प्रश्नाने इंग्लंडने निदान नव्वद वर्षे डोके खाजवले आहे.

दोन-तीन डब्यांची वाफेची गाडी, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आणि आत प्रवासी मात्र पाच! खर्च निघणार कुठून? ग्रेट वेस्टर्न कंपनीने १९३३ साली डिझेलचा एकेरी डबा काढला. पुढे ब्रिटिश रेल्वेने १९५८च्या सुमारास पाच कारखान्यांकडून २२ 'रेलबस' घेतल्या. चार चाके, हलका सांगाडा, जवळजवळ बसच.

यातल्या काही ग्लॉस्टरशरमध्ये केंबल-टेटबरी या सात मैलांच्या शाखेवर १९५९ साली आल्या. प्रवासी वाढावेत म्हणून नवे थांबे काढले. त्यातला 'ट्रबल हाउस हॉल्ट' तर चक्क एका पबसाठी होता. आपल्याकडे देवळासाठी स्टेशन असते, इथे पबसाठी! प्रवासी वाढले, पण तोटा भरून निघाला नाही. गाडीला आचके बसत, जागा थोडी, आणि वजन इतके कमी की काही वेळा सिग्नलच्या यंत्रणेला रुळावर गाडी आहे हेच कळत नसे. १९६३च्या बीचिंग अहवालात २,३६३ स्टेशने बंद करण्याची शिफारस होती. आपली पहिली पिढी या देशात येत होती तो हाच काळ. एप्रिल १९६४ मध्ये टेटबरीची शेवटची गाडी सुटली तेव्हा पबवाल्यांनी व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या भरलेली एक शवपेटी तिच्यात चढवली. वर पत्ता डॉ. बीचिंग यांचा!

ऐंशीच्या दशकात बसचे भाग वापरून 'पेसर' गाड्या केल्या. मँचेस्टरकडच्या मंडळींना त्यांचे धक्के आठवत असतील. शेवटच्या पेसर २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. आम्हाला त्यांची फारशी हळहळ वाटली नाही.

स्टावरब्रिजला मात्र वेगळी युक्ती चालली. जॉन पॅरी यांच्या कंपनीने डब्यात एक जड चाक, फ्लायव्हील, बसवले. गावाकडच्या किर्लोस्कर इंजिनाचे मोठे चाक आठवा: एकदा फिरू लागले की ते थांबता थांबत नाही. इथेही तसेच. एलपीजीवर चालणारे, मोटारीत शोभेल असे दोन लिटरचे इंजिन चाक फिरवत ठेवते, आणि गाडी सुटताना लागणारा जोर त्या चाकातून मिळतो. ब्रेक लावला की गाडीची गती वाया न जाता पुन्हा चाकात जाते. त्यामुळे मोठे इंजिन लागत नाही. आधी तिथे धावणारा डबा सुमारे ४१ टनांचा होता. हा साडेबारा टनांचा. आधी रविवारी चाचण्या झाल्या आणि २००९ पासून असे दोन डबे नेमाने धावू लागले. दर दहा मिनिटांनी गाडी असली की वेळापत्रक पाहावे लागत नाही, आणि ज्यांच्याकडे मोटार नाही अशा आपल्या आजी-आजोबांना याची किंमत विचारा!

हलकेपणाचा हा विचार आपल्यालाही नवा नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे (१८९७) अरुंद रुळांवर बांधली, ती कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ न देता. हाच गृहस्थ पुढे स्टॅफर्डशरच्या लीक-मॅनिफोल्ड रेल्वेचा (१९०४) इंजिनिअर झाला. ती १९३४ साली बंद पडली, आणि तिच्या जागी आता चालायची, सायकलची वाट आहे. बार्शीची गाडी मात्र पुढेही कित्येक वर्षे वारकऱ्यांना पंढरपूरला नेत राहिली. तिच्यातून प्रवास केलेले कोणी आपल्या मंडळात असतील तर आठवणी जरूर लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.