अंगठ्यातलं मीठ

मागच्या महिन्यात टीममधल्या एका मित्राचा पायाचा अंगठा रातोरात टोमॅटोसारखा सुजला. वय २८. चादर लागली तरी कळ! "लचकला असेल" म्हणून पट्टी बांधली. एक्स-रे स्वच्छ. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गाऊट असेल का, असं त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, "या वयात? छे!"

हे "छे!" भलतंच जुनं आहे, मंडळी. तरुणाला स्त्रीसंग घडेपर्यंत गाऊट होत नाही, असं हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत आहे. आपल्याकडे वातरक्ताचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचं दुखणं. युरोपात तो राजांचा रोग. असो.

१६७९ साली लेवेनहुकला गाऊटच्या गाठीतल्या खडूत सुयांसारखे कण दिसले. ते सांध्यातल्या पाण्यात शोधून निदान करायची रीत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये घालून दिली. आजही शेवटचा शब्द तिचाच. पण ठणकणाऱ्या अंगठ्यात सुई कोण घालून घेणार?

एक्स-रेत गाऊट दिसतो तो हाड कुरतडलं गेल्यावर, म्हणजे बहुधा काही वर्षांनी. तरुणाचा एक्स-रे स्वच्छ येणारच. लॉगमध्ये एरर नाही म्हणून बग नाही, असं आपण मानतो का?

इथे आपला माणूस येतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, डॉक्टर नव्हे, इंजिनियर. ईएमआयमध्ये आधी संगणक बांधले, मग सीटी स्कॅनर. १९७३ च्या लेखातच त्याने सुचवलं होतं की एकच छेद १०० आणि १४० किलोव्होल्टवर घेतला तर पदार्थ ओळखता येतील. कॅल्शियम आणि यूरिक ॲसिडचं मीठ दोन ऊर्जांना वेगवेगळं अडवतात. दोन अज्ञातं, दोन समीकरणं... शाळेतलंच गणित! पण हे रोजच्या वापरात यायला तीसेक वर्षं गेली. दोन नळ्यांचं यंत्र २००६ च्या सुमारास आलं आणि मग गाऊटचं मीठ पडद्यावर बहुधा हिरव्या रंगात दिसू लागलं.

जादू नाही बरं का. आजार नवा असेल तर मीठ थोडं असतं आणि स्कॅनमधून निसटतं. उलट नखं आणि टाचेची जाड कातडीही हिरवी दिसते. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, म्हणून तरुणांसाठी मला ती आधी बरी वाटते. कूर्चेवर मीठ बसलं की हाडाच्या रेषेला समांतर दुसरी चकचकीत रेषा दिसते. थिएल आणि श्लेसिंगर यांनी ती २००७ मध्ये मांडली. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन्ही तपासण्यांना जागा मिळाली.

मित्राच्या सोनोग्राफीत ती दुसरी रेषा होती. मग सुईही घातली, स्फटिक सापडले. नव्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, घरात किडनीचा आजार कुणाला? कारण इतक्या लवकर गाऊट झाला तर मूळ कधीकधी किडनीत आणि जनुकात असतं. असं एक जनुक, यूमोड, २००२ मध्ये सापडलंय.

त्याचे वडील चाळिशीतच डायलिसिसवर गेले होते. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारी तो किडनीच्या डॉक्टरांकडे जातोय. धाकट्या बहिणीलाही घेऊन.