विद्यार्थी भवन कोणाच्या पैशाने? मुंबईपासून भिलाईपर्यंत

प्रस्तुत पाठात आपण एका अशा इमारतीचा इतिहास पाहणार आहोत, जी बहुतेक आवारांत सर्वांत शेवटी बांधली जाते. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, प्रशासकीय कार्यालय हे सारे झाल्यावर कोणीतरी विचारते, मुलांनी एकत्र बसायचे कुठे? विद्यार्थी संघाची सभा, वादविवाद, नाटकाची तालीम, कॅरम आणि चहा एका छपराखाली आणणाऱ्या या वास्तूला उत्तरेत छात्रसंघ भवन म्हणतात. मराठी महाविद्यालयांत 'युनियन' हा शब्द फारसा रुळला नाही. आपण 'जिमखाना' म्हणतो आणि त्यात क्रिकेटबरोबर वक्तृत्व स्पर्धाही घालतो. शुल्काच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते. ती वर्षानुवर्षे भरूनही विद्यार्थ्यांना स्वतःची जागा का मिळत नाही, हा प्रश्न देशभरच्या पदवी विद्यार्थ्यांना ओळखीचा असेल.

इमारतींचा इतिहास साधारणपणे कोनशिलेवरून लिहिला जातो. कोनशिला पायाभरणी कोणी केली ते सांगते. पैसे कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले आणि परत कोणी करायचे हे सांगत नाही. माझ्या मते विद्यार्थी भवनाबाबत हाच प्रश्न मुख्य आहे, कारण पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेवरच्या माणसाकडे पुढे इमारतीची किल्ली राहते. भिलाई हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे ठिकाण आहे. पैशाच्या बहुतेक सर्व वाटा तिथे, एका शहराच्या परिसरात, पाहायला मिळतात. मात्र तिथे पोहोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

देणगी आणि वर्गणी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. इमारती आल्या त्या कापसाच्या पैशातून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, मुंबईचा भाव वधारला आणि शहरात पैसा खेळू लागला. सर कावसजी जहांगीर यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली आधी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून काढले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, सट्टा कोसळला, खुद्द प्रेमचंद बुडाले. देणगी मात्र विद्यापीठाच्या हाती राहिली आणि १८७८ साली काम पूर्ण झाले.

या व्यवहारात विद्यार्थी कुठेच नाही. देणाऱ्याला स्मारक हवे होते, विद्यापीठाला प्रतिष्ठा हवी होती, आणि दोघांचे समाधान उंच मनोऱ्याने झाले. मनोऱ्यातले घड्याळ विद्यार्थ्याला वेळ दाखवी, बसायला जागा देत नसे. यात प्रेमचंदांचा दोष काढण्याचे कारण नाही. मोठा एकरकमी दाता आपल्याला दिसेल असेच काही बांधतो.

त्याच काळात अलीगढला वेगळी वाट निघाली. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडला गेले होते. तिथे केंब्रिज विद्यापीठ आणि तिथले निवासी विद्यार्थिजीवन त्यांनी पाहिले. त्यांच्या महाविद्यालयात १८८४ साली पहिले प्राचार्य हेन्री सिडन्स यांच्या नावाने सिडन्स युनियन क्लब निघाला. भारतातील विद्यार्थी संघांच्या परंपरेत तो अगदी आरंभीचा. आवार उभारताना सर सय्यद यांनी वर्गणीची पायरीपायरीची योजना केली होती. लहान देणगीदाराचे नाव कुंपणाच्या भिंतीवर, मोठ्याचे खोलीवर, त्याहून मोठ्याचे स्ट्रेची हॉलच्या भिंतीवर. लॉटरीही काढली. थट्टा झाली, पण पैसा अनेक हातांतून आला आणि अनेकांना ते आवार आपले वाटू लागले. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या विद्यार्थ्यांनीही मोठा बाजार भरवून निधी जमवला आणि १८८९ साली तेविओत रो हाउस उघडले. खास विद्यार्थी संघासाठी बांधलेल्या जगातल्या इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते.

महाराष्ट्राला ही थेंबे थेंबे तळे साचवण्याची रीत चांगली ठाऊक होती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले. त्यांच्या मुष्टिफंडात घरोघरची मूठभर धान्याची वर्गणी जमे. मुले स्वतः राबत. ही वसतिगृहे विद्यार्थी भवने नव्हेत, हे खरे. पण एकत्र जेवण, एकत्र राहणे आणि आपला कारभार आपण पाहणे हे भवनाचे काम त्यांनीच केले, तेही वेगळी इमारत न बांधता.

नागपूरच्या कक्षेतला छत्तीसगढ

आजच्या विद्यार्थ्याला भिलाई आणि नागपूर हे दोन राज्यांतले दोन वेगळे बिंदू वाटतात. १९५६ पर्यंत मात्र दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत हा सारा मुलूख येई. पुढे १९४६ साली सागर विद्यापीठ आणि १९६४ साली रायपूरचे रविशंकर विद्यापीठ निघाले. दुर्गच्या शासकीय स्नातकोत्तर महाविद्यालयाला विश्वनाथ यादव तामस्कर यांचे नाव आहे. हे आडनाव मराठी वाचकाला त्या जुन्या प्रांताची आठवण करून देईल.

नागपूर विद्यापीठाला सर्वांत मोठे दान कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्राने मिळाले. १९३० साली त्यांचे निधन झाले. मागे ठेवलेली रक्कम सुमारे पस्तीस लाख, आणि तिचा उपयोग तंत्रशिक्षणासाठीच व्हावा असे लिहिलेले. त्यातून उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ साली सुरू झाली. मृत्युपत्रातला पैसा असा असतो. दात्याने लिहिलेल्या शब्दांबाहेर जाता येत नाही, आणि दाता तर विचारायला उरत नाही.

कर्जावर उभे राहिलेले शहर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. सोव्हिएत कर्जाचा व्याजदर अडीच टक्के, परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत आली आणि तिच्यात शाळा, सेक्टर नऊचे रुग्णालय, सिव्हिक सेंटर, क्लब, मैदाने. हे सगळे कारखान्याने बांधले, कारखान्यानेच सांभाळले. इथल्या मुलांना सभागृहासाठी वर्गणी गोळा करावी लागली नाही. सोय उत्तम झाली. पण सभागृह कोणत्या दिवशी कोणाला मिळेल हे ठरवणारा अर्जही कारखान्याच्याच टेबलावर जाई. मालकाने बांधून दिलेल्या गावात ही सवय लागते, आणि ती आवारांपर्यंत पोहोचते.

याच दशकात विद्यापीठ अनुदान आयोग आला. १९५६ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रे बांधण्यास आयोगाने अनुदान दिले, आणि कोठारी आयोगानेही (१९६४-६६) दिवसा बसून अभ्यास करता येईल अशा केंद्रांचा आग्रह धरला. अनुदानात बरेचदा एक अट असे: खर्चाचा काही वाटा संस्थेने उभा करावा. ज्या महाविद्यालयांकडे हा वाटा नव्हता ती मागे पडली. छत्तीसगढच्या शासकीय महाविद्यालयांत ही उणीव भरून काढण्यासाठी जनभागीदारी समित्या आहेत. मध्य प्रदेशच्या काळापासून चालत आलेली ही व्यवस्था. नाव लोकसहभागाचे असले तरी तिच्या उत्पन्नात विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्काचा वाटा असतो, म्हणजे खोली बांधली तर पैसा काही अंशी विद्यार्थ्यांचाच.

नवी संस्था, नवे कर्ज

भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची कथा २०१४ च्या अर्थसंकल्पापासून सुरू होते. छत्तीसगढ, गोवा, जम्मू, केरळ आणि आंध्र प्रदेश या पाच ठिकाणी नव्या आयआयटी जाहीर झाल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये भिलाईची संस्था रायपूरजवळ सेजबहारच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे १४ जून २०१८ रोजी पायाभरणी झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी नवे आवार राष्ट्राला अर्पण झाले.

पायाभरणीनंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ जुलै २०१८ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला, ज्याची आवारात फारशी चर्चा होत नाही. उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था, म्हणजे हेफा, ही केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांची संयुक्त कंपनी २०१७ साली स्थापन झाली होती. इमारतींसाठी थेट अनुदानाऐवजी दहा वर्षांच्या मुदतीचे कर्ज, व्याज सरकारचे, मुद्दल संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे, अशी मूळ कल्पना. त्या जुलैच्या निर्णयाने भांडवल वाढवले आणि मुद्दलाचे प्रमाण संस्थेच्या वयानुसार ठरवले. दहा वर्षांहून जुन्या तंत्रशिक्षण संस्थांनी पूर्ण मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे. २००८ ते २०१४ दरम्यान सुरू झालेल्यांनी चौथा हिस्सा. २०१४ नंतरच्या संस्थांचे मुद्दल आणि व्याज दोन्ही सरकारी अनुदानातून. भिलाई या शेवटच्या वर्गात बसते.

याचा अर्थ नीट पाहावा. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नात संशोधन प्रकल्पांचा पैसा असतो, सल्लागारीचा असतो आणि शुल्काचाही असतो. आयआयटीचे बी. टेक.चे वार्षिक शिक्षण शुल्क २०१६ साली ९० हजारांवरून दोन लाख रुपये झाले; अनुसूचित जाती-जमातींचे, दिव्यांग आणि अत्यल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी त्यातून पूर्ण वगळले गेले. तेव्हा पवईच्या आवारात कर्जातून एखादी इमारत उभी राहिली तर तिच्या हप्त्यात आजच्या आणि उद्याच्या विद्यार्थ्याचा वाटा असू शकतो. भिलाईत तसा नाही. दुर्गच्या शासकीय महाविद्यालयात जनभागीदारीचे शुल्क भरणारा विद्यार्थी, जो या तिघांत बहुधा सर्वांत गरीब, तो मात्र थेट खिशातून देतो. या व्यवस्थेत मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

कर्जाचा आणखी एक परिणाम संभवतो. परतफेडीचा विचार करणारी संस्था आधी वसतिगृह बांधेल, कारण त्याचे भाडे येते. प्रयोगशाळा बांधेल, कारण तिच्यामुळे प्रकल्प येतात. वादविवादाचे सभागृह काहीच मिळवून देत नाही. ज्या संस्थांचा हप्ता सरकार भरते त्यांच्यावर हा दबाव कमी असायला हवा. म्हणून विद्यार्थी भवनाचा आग्रह धरायला भिलाईइतकी अनुकूल स्थिती जुन्या आयआयटींतही नाही.

आग्रह धरायचा केव्हा, हे कागदांच्या क्रमावरून कळते. सविस्तर प्रकल्प अहवाल, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश: सरकारी पैशाच्या बांधकामाचा हा ढोबळ क्रम. अहवालात ज्या चौरस मीटरांची नोंद नाही ते निविदेत येत नाहीत. निविदा निघाल्यावर दिलेले निवेदन फार तर रंगाच्या निवडीपर्यंत पोहोचते. शिवाय इमारत व बांधकाम समिती आणि वित्त समिती यांच्या रूढ रचनेत विद्यार्थी प्रतिनिधीला जागा नसते. तिथे अभियंते असतात, अधिकारी असतात. रात्री अकरा वाजता नाटकाची तालीम कुठे होते हे माहीत असलेले कोणी नसते.

पैसा असूनही सगळे होते असे नाही, हे गोव्याने दाखवले. तिथली आयआयटीही २०१६ सालीच, फर्मागुडीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाली. सत्तरी तालुक्यातील शेळ-मेळावली येथे जागा ठरली, तेव्हा आपल्या काजूबागा आणि शेती जाईल म्हणून गावकरी उभे राहिले. जानेवारी २०२१ मधील संघर्षानंतर सरकारला ती जागा सोडावी लागली. भिलाईचे आवार अर्पण झाले तेव्हा गोव्याचे विद्यार्थी अजून पाहुण्यांच्याच घरात होते. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकणारी व्यवस्था आधीच असती, तर दोघांचीही वर्षे वाचली असती.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भिलाई, जम्मू, धारवाड, पलक्कड आणि तिरुपती या पाच आयआयटींच्या दुसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांत ११,८२८.७९ कोटी रुपये मंजूर केले. पाचही ठिकाणची मिळून विद्यार्थिसंख्या ७,१११ वरून १३,६८७ वर न्यायची आहे. गोवा या यादीत नाही. या टप्प्याची मुदत २०२८-२९ पर्यंत आहे. आज प्रथम वर्षात असलेला विद्यार्थी पदवी घेऊन निघेल तेव्हा यातल्या बऱ्याच इमारती उभ्या राहत असतील. त्यांचे आराखडे मात्र तो वर्गात बसलेला असतानाच ठरतील.