रूआँचे कॅथीड्रल आणि मोनेचे प्रहर

नॉर्मंडीतील सेन नदीकाठच्या रूआँ नगराचे कॅथीड्रल हे एका पिढीचे काम नव्हे. बाराव्या शतकात आरंभिलेली ही वास्तू पुढे शतकानुशतके वाढत राहिली. तिच्या पुढील मनोऱ्यांपैकी एक, उपवासकाळात लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून भाविकांनी भरलेल्या रकमेतून उभा राहिल्याचे सांगतात व म्हणून लोण्याचा मनोरा याच नावाने ओळखला जातो. आणि १८२२ साली वीज पडून जळालेल्या शिखराच्या जागी बिडाचे नवे शिखर पुरे होण्यास १८७६ साल उजाडले.

अशा चिरंतन पाषाणासमोर १८९२ च्या आरंभी चित्रकार क्लोद मोने येऊन बसला, तो त्याच्या इतिहासासाठी नव्हे की भक्तीसाठीही नव्हे, तर सकाळी स्वतःच्याच छायेत निळसर दिसणाऱ्या आणि दुपारनंतर उन्हाने सोनेरी होणाऱ्या त्या पश्चिमाभिमुख दर्शनी भिंतीवर प्रहराप्रहराने पालटणाऱ्या प्रकाशासाठी. समोरच्या घरांत भाड्याने जागा घेऊन, अनेक कॅनव्हास एकाच वेळी हाताशी ठेवून, ऊन सरकले की पहिला बाजूला सारून दुसरा पुढे ओढावा, असा त्याचा क्रम होता. पुढल्या वर्षीही तो त्याच ऋतूत परतला. तरीही तीसहून अधिक चित्रे पुरी झाली ती जिव्हर्नीच्या चित्रशाळेत, आणि त्यांपैकी बहुतेकांवर साल पडले १८९४ चे. निमिषमात्राचा प्रकाश टिपण्यास असा वर्षांचा खटाटोप लागला.

मे १८९५ मध्ये पॅरिसला द्युराँ-रुएलच्या दालनात यांतील वीस चित्रे एकत्र मांडली गेली, तेव्हा चित्रकार कामीय पिसारोने आपल्या मुलाला ती विखुरण्यापूर्वी पाहून जाण्याविषयी आग्रहाने लिहिले. आणि मुत्सद्दी जॉर्ज क्लेमांसोने आपल्या वृत्तपत्रातून, ही मालिका सरकारी खजिन्यातून संपूर्ण खरेदी व्हावी, अशी जाहीर मागणी केली. तिला मंजुरी मिळाली नाही. सरकारने एक चित्र घेतले तेही १९०७ साली, क्लेमांसो स्वतः पंतप्रधान असताना. आणखी चार, कामोंदो या धनिकाच्या १९११ च्या मृत्युपत्राने राष्ट्राच्या पदरी पडली. उरलेली देशोदेशी पांगली. एकेक चित्र आज अमोल ठरले आहे. परंतु चित्रकाराचा विषय होता तो एका प्रहरातून दुसऱ्यात होणारे संक्रमण, आणि ते कोणत्याही एका चौकटीत मावत नाही, एवढे क्लेमांसोने ओळखले होते व खजिन्याच्या कारभाऱ्यांनी ओळखले नाही.