गिल्बर्टने खाणीचा गाळ कसा मोजला?

खाणीतल्या अपवाहावर संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या आठवड्यातच रॅशनल फॉर्म्युला तुमच्या हातात पडतो. पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि अपवाह गुणांक यांचा गुणाकार केला की खाणीभोवतीच्या चराचा आकार ठरवता येतो. पण हे गणित फक्त पाण्याचं. पाण्याबरोबर जाणारी माती त्यात नाही. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कॅलिफोर्नियात जाऊन येऊ.

तिथे 1853 च्या सुमारास सोनं काढायची नवी पद्धत निघाली. डोंगरावरून कालव्यांनी आणलेलं पाणी जाड नळातून प्रचंड दाबाने टेकडीवर मारायचं, टेकडी विरघळवायची, सोनं ठेवून उरलेला चिखल नदीत सोडायचा. गंमत बघा, खाणीत येणारं पाणी काटेकोर मोजलं जाई, कारण ते विकत मिळायचं. त्यासाठी ‘मायनर्स इंच’ नावाचं खास एकक होतं. बाहेर जाणारा गाळ कोण मोजणार? त्याचे पैसे कुणालाच भरावे लागत नव्हते.

ते खालच्या लोकांनी भरले. युबा नदीचं पात्र वर येत गेलं, काठावरच्या मेरिसव्हिल गावाला बांध उंचावत बसावं लागलं, आणि जानेवारी 1875 मध्ये पुराने बांध ओलांडलाच. शेतं खडी-वाळूखाली गेली. शेवटी 1884 मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला. त्यांनी खाणकामावर बंदी घातली नाही. गाळ नदीत सोडायला मनाई केली. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ एकच झाला, कारण गाळ ठेवायला जागाच नव्हती.

आपल्या कामाची गोष्ट इथून सुरू होते. खाणी पुन्हा चालू व्हाव्यात अशी आशा असलेल्या खाणमालकांच्या संघटनेने 1904 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे अभ्यासाची मागणी केली. काम आलं भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टकडे. वय साठीच्या पुढे.

पन्नास वर्षांचा गाळ मोजणार कसा? पात्राची जुनी सर्वेक्षणं तुटपुंजी होती. पण नदीच्या पातळीच्या नोंदी होत्या. गिल्बर्टने दर वर्षाची सर्वांत कमी पातळी घेतली. कोरड्या दिवसांत प्रवाह दरवर्षी साधारण सारखाच असतो. मग ती किमान पातळी वर सरकत असेल, तर तळ वर आलाय. पुरावा नव्हता तर हाताशी असलेल्या आकड्यांतून त्याने तो काढला. सॅक्रामेंटो शहराजवळ ही पातळी सुमारे 10 फूट वर गेली आणि मग उतरू लागली. गाळ लाटेसारखा खाली सरकतो, हा त्याचा निष्कर्ष 1917 च्या अहवालात आहे. नद्यांत गेलेल्या मालाचा त्याचा अंदाज होता सुमारे दीडशे कोटी घनयार्ड. पनामा कालव्यासाठी उपसलेल्या मातीच्या जवळजवळ आठपट!

अहवाल मुळातून वाचा, पण भक्तिभावाने नको. किमान पातळी तळ कुठे आहे ते सांगते, काठावर किती गाळ साठलाय ते नाही. 1980 च्या दशकात ॲलन जेम्स यांनी बेअर नदीत नेमकं हेच दाखवलं. नदीने मधला गाळ कापून तळ पुन्हा खोल केला, पण दोन्ही बाजूंना गाळाचे उंच थर तसेच राहिले, आणि ते सुटत राहतात. म्हणजे लाट पटकन चढते, पण तिची शेपटी फार लांब असते. खाणीचा गाळ अडवायला युबावर 1941 मध्ये बांधून झालेलं एंगलब्राइट धरण आजही उभं आहे.

तुम्ही गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर काम करणार असाल तर ही शेपटी लक्षात ठेवा. डिचोली-सत्तरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये उत्खनन थांबवलं. टाकाऊ मातीच्या ढिगांवर पडणारा पाऊस काही थांबला नाही. तेव्हा प्रस्तावात अभ्यासाचा काळ लिहिताना खाण बंद झालेल्या वर्षाशी थांबू नका. आणि गाळाची मोजमापं मिळत नाहीत म्हणून विषय बदलायच्या आधी शोधा: नदीच्या पातळीच्या जुन्या वह्या, पुलांच्या पायांची सर्वेक्षणं, गाळाने भरलेल्या शेतांच्या नुकसानभरपाईचे अर्ज. गिल्बर्टकडेही याहून फार काही नव्हतं.